मऊ तळाचा जोडा : जुना आणि नवा

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणजे पहिलीतील अशुद्धे तीत दुरुस्त झाली असतील, असे आपण धरून चालतो. आणि बहुधा ते खरेही असते. जोड्यांच्या बाबतीत मात्र असे धरून चालणे धोक्याचे आहे. धावण्यासाठी वापरावयाचे मऊ तळाचे बूट तयार करणारे कारखानदार दर एक-दोन वर्षांनी त्याच नावाचा नवा बूट बाजारात आणतात आणि नावापुढील अनुक्रमांक एकाने वाढवितात. कधी तळाची जाडी वाढलेली असते, कधी तळाचे द्रव्यच बदललेले असते, तर कधी केवळ वरच्या कापडाची वीण निराळी असते. ज्यांच्या पायाला जुना बूट मानवला होता ते नव्याविषयी कुरकुरतात, दुसरे त्याची वाखाणणी करतात, आणि दोघेही आपापल्या पायाची साक्ष काढतात.

पायाची साक्ष खोटी नसते, परंतु ती अपुरी असते. नवा बूट जुन्यापेक्षा चांगला आहे काय, हे ठरविण्यापूर्वी ‘चांगला’ म्हणजे कोणत्या कामास चांगला हे ठरवावे लागते. हा प्रश्न चेन्नई आणि तिच्या पश्चिमेस असलेले वेल्लोर या टापूत अशा माणसांसंबंधी उभा राहिला की ज्यांच्या पायांना साक्षच देता येत नाही. त्यांची हकीकत धावपटूंच्या बुटांच्या हकीकतीशेजारी ठेवली म्हणजे दोन्ही अधिक नीट समजतात. म्हणून या पुस्तिकेत त्या एकत्र दिल्या आहेत.

बल आणि दाब

स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाइतकेच बल येते. चालताना टाच टेकते तेव्हा व चवडा जमीन सोडू लागतो तेव्हा ते वजनाहून किंचित अधिक होते. धावताना ते वजनाच्या दुपटी-तिपटीपर्यंत जाते. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाचा धावपटू प्रत्येक पावलागणिक दीडशे किलोग्रॅमच्या आसपास भार क्षणभर एका पायावर घेत असतो. मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते आणि ते कापण्यास सुमारे ३५ ते ४० हजार पावले पडतात. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा.

परंतु कातडीला जे जाणवते ते बल नव्हे, दाब होय. एका पायावर उभ्या असलेल्या ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या तळव्याचा १०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला आहे असे समजू. दर चौरस सेंटिमीटरवर ०.६ किलोग्रॅम भार आला. आता त्याने टाच उचलली आणि त्याचा निम्मा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या दहा चौरस सेंटिमीटर जागेवर पडला, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरवर तीन किलोग्रॅम भार येईल. माणूस तोच, वजनही तेच, दाब मात्र पाचपट झाला.

समुद्रकाठच्या ओल्या वाळूत चालताना पाय सुखावतो तो याच कारणाने. वाळू पायाच्या आकाराची होते, तळव्याचा खळगासुद्धा भरून निघतो आणि भार सर्वत्र वाटला जातो. कडाप्प्याच्या फरशीवर मात्र टाच आणि चवडा एवढेच टेकतात. मऊ तळाचा जोडा जी कामे करतो त्यांतील पहिले हे : टेकणारे क्षेत्र वाढविणे. दुसरे काम, आघाताचा काळ लांबविणे. वरून पडणारा नारळ फरशीवर फुटतो आणि गवताच्या गंजीवर फुटत नाही, कारण गंजीवर तो थांबण्यास अधिक वेळ घेतो. मऊ तळ पायाला असाच थोडा अधिक वेळ मिळवून देतो. तिसरे काम धावपटूंच्या बुटांकडे अलीकडे आले आहे. त्याचा विचार पुढे करू.

वेल्लोरचे बधिर पाय

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरात, एका इंग्रज मिशनरी कुटुंबात झाला. शस्त्रवैद्यकाचे शिक्षण घेऊन १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्या काळी कुष्ठरोग्याची बोटे व पावले रोगानेच कुजून गळतात अशी सर्वसाधारण समजूत होती. ब्रँड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यांना निराळेच दिसले. रोग मज्जातंतूंना मारतो, वेदना नाहीशी होते, आणि वेदना नाहीशी झाल्यामुळे माणूस आपल्याच हातापायांची रोजच्या कामात नकळत नासाडी करतो. तापलेले भांडे तो उचलतो, जोड्यात शिरलेल्या खिळ्यावर दिवसभर चालतो. मांस कुजत नव्हते. जखम होत होती, आणि ती कोणाला कळत नव्हती.

पायांच्या व्रणांची गोष्ट यापेक्षाही चमत्कारिक होती. पुष्कळ रोग्यांना खिळा लागलेला नसे, काटा रुतलेला नसे. नुसत्या चालण्यानेच चवड्याखाली व्रण पडे. निरोगी माणूसही तेवढेच चालतो. मग त्याला व्रण का पडत नाही? ब्रँड यांनी दिलेले उत्तर असे की, निरोगी माणूस सबंध वाट एकाच रीतीने चालत नाही. चार-पाच मैल झाले की तळव्याची एखादी जागा हुळहुळू लागते आणि त्याच्या नकळत पाऊल किंचित तिरके पडू लागते. भार दुसऱ्या जागेवर सरकतो. बधिर पायाला ही सूचना मिळत नाही. पहिल्या पावलाला जेथे भार पडला तेथेच दहा हजाराव्या पावलालाही पडतो. पुढे उंदरांच्या पंजांवर त्यांनी प्रयोग केले. यंत्राने पंजाला हलके दाब हजारो वेळा द्यावयाचे. पहिल्या दिवशी पंजा नुसता लाल होई; पण सुजलेल्या त्याच जागेवर रोज तोच दाब देत गेले की काही दिवसांत तेथे व्रण पडे. एकेक दाब निरुपद्रवी होता. त्याच जागी झालेली पुनरावृत्ती घातक ठरली.

या निदानातूनच उपाय निघाला. वेदनेचे काम जोड्याने करावयाचे, म्हणजे कोणत्याही एका जागेवर दाब साचू द्यावयाचा नाही. लाकूड, चामडे, प्लॅस्टिक असे अनेक पदार्थ वापरून झाल्यावर १९५० नंतरच्या दशकात वेल्लोर व त्याजवळच्या करिगिरी येथील संशोधनकेंद्रात एका पदार्थावर भिस्त ठेवण्यात आली. तो पदार्थ म्हणजे सूक्ष्म पोकळ्यांचे रबर. करिगिरीस असे रबर तयार करण्याची सोयही करण्यात आली होती.

या रबराला मराठीत काय म्हणावे याचा आम्ही बराच विचार केला. ‘सूक्ष्मकोशी रबर’ हा शब्द अर्थाला धरून आहे. परंतु तमिळ, तेलुगू, मराठी कोणत्याही भाषेत बोलणारा चर्मकार व परिचारिका त्याला ‘एम. सी. आर.’ असेच म्हणतात. तेव्हा पुढे तेच नाव योजिले आहे. जोड्याच्या आत पायाखाली घालावयाच्या थराला मात्र मराठीत ‘सुखतळा’ असा जुना शब्द आहे, आणि त्याहून चांगला शब्द आम्हास सुचला नाही.

एम. सी. आर.च्या चपलेत दोन थर असतात. आतील थर मऊ असतो. रबराचा कठीणपणा मोजण्याच्या शोअर नावाच्या श्रेणीवर तो साधारणपणे १५ ते २० अंशांचा ठेवतात. नेहमीच्या रबरी चपलेचा तळ याहून बराच कठीण असतो. बाहेरचा थर चिवट रबराचा, कित्येकदा मोटारीच्या टायरचा, म्हणजे काटा आरपार जाऊ नये. चपलेत खिळा म्हणून मारावयाचा नाही. सर्व जोडणी शिवून किंवा चिकटवून करावयाची. टाचेमागे पट्टा हवाच, कारण ज्याला अंगठ्याची पकड जाणवत नाही त्याच्या पायातून चप्पल केव्हा निसटली हेही त्याला कळत नाही. आपल्या कोल्हापुरी चपलेत अंगठ्याची वादी हा बांधणीचा मुख्य आधार आहे. बधिर पायाला तीच वादी कापते. उत्तम वस्तूही कोणाच्या पायात घातली आहे यावर तिचे उत्तमपण अवलंबून असते.

फेस घट्ट झाला म्हणजे

एम. सी. आर. असो वा धावपटूच्या बुटाचा अद्ययावत तळ असो, तत्त्वतः दोन्ही एकच होत : घट्ट झालेला फेस. रबर तापविताना त्यात असे रसायन मिसळतात की ते फुटून नायट्रोजन वायू सुटतो. रबर घट्ट होत असतानाच वायूचे असंख्य बारीक बुडबुडे त्यात अडकतात. प्रत्येक बुडबुडा ही एक बंद कोठडी असते आणि दोन कोठड्यांमध्ये रबराची पातळ भिंत असते.

असा तुकडा दाबू लागले म्हणजे तीन अवस्था दिसतात. प्रथम भिंती किंचित वाकतात आणि तुकडा थोडा विरोध करतो. नंतर भिंती दुमडू लागतात. या अवस्थेत थोडेसे बल वाढविले तरी तुकडा पुष्कळ दबतो. मऊपणा म्हणतात तो हाच. शेवटी भिंती एकमेकींना टेकतात, पोकळी संपते, आणि यापुढे तो भरीव रबरासारखा कठीण लागतो. चांगला सुखतळा तो, की जो त्या विशिष्ट माणसाच्या वजनाखाली मधल्या अवस्थेत राहतो. फार मऊ फेस भारी माणसाखाली लगेच तिसऱ्या अवस्थेत जातो, म्हणजे दुकानात बोटाने दाबून जो सर्वांत मऊ वाटला तोच पायाखाली सर्वांत कठीण ठरू शकतो. बोटाने दाबून जोडा विकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

एम. सी. आर. पुढे अन्य कामीही आले. प्रसिद्ध ‘जयपूर पाया’च्या आत टाचेला व चवड्याला ते वापरलेले असते.

धावपटूचा बूट

आता धावपटूकडे वळू. १९६० साली रोम येथील ऑलिंपिक मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिला याने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. चार वर्षांनी टोकिओला त्याने बूट घातले आणि तीन मिनिटांहून अधिक वेळ वाचविला. एवढ्यावरून बुटाचे श्रेय ठरवू नये. वाट निराळी, हवा निराळी आणि बिकिलाही चार वर्षांनी अधिक अनुभवी झालेला. जुन्या-नव्याची तुलना करताना हीच चूक सर्वाधिक होते.

त्या काळातील शर्यतीच्या बुटाचा तळ पातळ असे. १९७५ च्या सुमारास एथिलीन-व्हिनाइल-ॲसिटेट, म्हणजे सर्वत्र ‘ई. व्ही. ए.’ म्हणून ओळखला जाणारा फेस बुटाच्या तळात आला. तो रबराच्या फेसापेक्षा पुष्कळ हलका. हलकेपणाचे मोल येथे मोठे आहे : बुटाचे वजन शंभर ग्रॅमनी वाढले की धावण्यास सुमारे एक टक्का अधिक शक्ती लागते असे प्रयोगांत दिसून आले आहे. यानंतर तळात हवेच्या पिशव्या घालण्यात आल्या, चिकट गोळ्यासारखी द्रव्ये घालण्यात आली. त्यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. १९७५ ते २०१० या पस्तीस वर्षांत नावे पुष्कळ बदलली तरी तळाचा मुख्य भाग बहुतांशी ई. व्ही. ए.चाच राहिला.

खरा पालट त्यानंतर झाला. २०१३ साली पॉलियुरेथेन जातीच्या एका प्लॅस्टिकचे फुगविलेले दाणे एकत्र दाबून केलेला तळ बाजारात आला, आणि २०१७ साली पॉलिअमाइड व पॉलिईथर यांच्या साखळ्या जोडून केलेल्या द्रव्याचा फेस आला. या दुसऱ्या बुटात फेसाच्या मध्ये कार्बनतंतूंची एक ताठ, वक्र पट्टी होती. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा बुटाची आधीच्या दोन पिढ्यांच्या बुटांशी तुलना केली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. यंत्राने तळ दाबून सोडला असता दाबण्यास लागलेल्या ऊर्जेपैकी ई. व्ही. ए.च्या तळाने ६५.५ टक्के परत दिली, दाण्यांच्या तळाने ७५.९ टक्के, आणि नव्या तळाने ८७ टक्के. शिवाय नवा तळ इतरांच्या जवळजवळ दुप्पट दबत होता. अठरा धावपटूंनी तिन्ही बूट घालून धावून पाहिले तेव्हा नव्या बुटात त्यांची शक्ती सरासरीने सुमारे चार टक्के कमी खर्च झाली.

हेच ते तिसरे काम : घेतलेली ऊर्जा परत करणे. कोणताही तळ शंभर टक्के परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. शर्यत जिंकू पाहणाऱ्याला ती वाया गेलेली वाटते. परिणाम इतका स्पष्ट होता की २०२० च्या जानेवारीत जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला : रस्त्यावरील शर्यतीच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि त्यात एकापेक्षा अधिक ताठ पट्ट्या नसाव्यात.

येथे वाचक म्हणेल, मग नवा बूट चांगला हे सिद्ध झाले. वेगापुरते झाले. परंतु मऊ तळामुळे पायावरील आघात कमी होतो काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर इतके सरळ नाही. फिनलंडमधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बारा धावपटूंना नेहमीच्या व अतिशय जाड तळाच्या बुटांत धावविले. जाड तळाच्या बुटांत आघात कमी न होता, विशेषतः वेगाने धावताना, वाढलेला आढळला. पायाखाली मऊ आहे असे जाणवताच धावपटूचा पाय नकळत अधिक ताठ राहतो. म्हणजे शरीरही या व्यवहारात एक भागीदार आहे.

याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे. लक्झेंबर्ग येथे ८४८ हौशी धावपटूंना दोन प्रकारचे बूट देण्यात आले. दिसण्यात दोन्ही अगदी सारखे. एकाचा तळ कठीण, दुसऱ्याचा मऊ. कोणाच्या पायात कोणता आहे हे धावपटूंना ठाऊक नव्हते आणि दुखापतींची नोंद ठेवणाऱ्यांनाही नव्हते. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : कठीण तळाच्या बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट होता. आश्चर्य असे की मऊ तळाचा लाभ हलक्या वजनाच्या धावपटूंना अधिक स्पष्ट दिसला. सर्वसाधारण अपेक्षा भारी माणसांना तो अधिक व्हावा अशी असते.

या दोन प्रयोगांत विरोध नाही. एकात आघात मोजला, दुसऱ्यात दुखापती मोजल्या. आघात कमी म्हणजे दुखापत कमी हे आपण मनाने जोडलेले समीकरण आहे. प्रयोगाची मांडणी म्हणून मला स्वतःला लक्झेंबर्गची अधिक मोलाची वाटते, कारण तीत दोन बुटांमध्ये एकाच गोष्टीचा फरक ठेवलेला होता. बाजारातील जुनी व नवी आवृत्ती यांत एकाच वेळी पाच गोष्टी बदललेल्या असतात. मग गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे सांगावे कसे?

नवा बूट आणि वापरलेला बूट

आणखी एक अन्याय आपण जुन्या बुटावर नेहमी करतो. नवी आवृत्ती पेटीतून काढलेली असते आणि जुनी पाचशे किलोमीटर धावून आलेली असते. फेसाच्या भिंती वारंवार दुमडून थकतात, काही फुटतात, काही दुमडलेल्याच राहतात. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात त्या काळच्या बुटांची आघात सोसण्याची शक्ती सुमारे ८० किलोमीटरनंतर मूळच्या तीन-चतुर्थांशावर आली होती आणि पुढेही घटतच गेली. तेव्हा तुलना करावयाची तर दोन्ही बूट कोरे हवेत, किंवा दोन्ही सारखेच झिजलेले हवेत.

पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांचा शत्रू निराळाच आहे. तो म्हणजे दमट हवा. हवेतील बाष्प त्यांच्या रेणूंची साखळी सावकाश तोडते. चेन्नई, मुंबई, रत्नागिरी अशा समुद्रकाठच्या गावी कपाटात जपून ठेवलेला बूट चार-पाच वर्षांनी बाहेर काढावा आणि दोन पावलांत त्याच्या तळाचा भुगा व्हावा, असा अनुभव पुष्कळांना आलेला असतो. दुकानदाराला दोष देण्यापूर्वी हे रसायन आठवावे. या प्रकारचा बूट न वापरल्यानेही जुना होतो.

चेन्नईतील तुलना

चेन्नईत अड्यार येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची ही प्रयोगशाळा १९४८ साली स्थापन झाली. तमिळनाडूत अंबूर, वाणियंबाडी, राणीपेट ही चामड्याची व जोड्यांची जुनी ठाणी आहेत. आणि चेन्नईपासून सुमारे शंभर किलोमीटरवरील चेय्यार येथे एका तैवानी कंपनीच्या कारखान्यात जगभर विकले जाणारे धावण्याचे बूट तयार होतात. म्हणजे हा प्रांत जुन्या चामड्याचा आणि नव्या फेसाचा, दोहोंचाही आहे.

वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठी जो जोडा तयार झाला त्याची गरज पुढे दुसऱ्या एका रोगाने वाढविली. मधुमेह जुना झाला की तोही पायांचे मज्जातंतू मारतो, आणि मग तीच कहाणी सुरू होते : बधिर पाय, एका जागी साचणारा दाब, घट्टा, त्याखाली व्रण, आणि व्रण चिघळल्यास पाय कापणे. चेन्नईतील एका मधुमेह संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रोगी असल्याचा अंदाज निघाला. त्यांतील सर्वांचेच पाय बधिर होत नाहीत. परंतु लहानसा हिस्सा धरला तरी संख्या लाखांच्या घरात जाते.

रायपुरम भागातील एम. व्ही. मधुमेह रुग्णालयाने अड्यारच्या चर्म संस्थेच्या सहकार्याने केलेली एक तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. पूर्वी व्रण होऊन गेलेल्या मधुमेही रोग्यांचे गट करण्यात आले. एका गटाला एम. सी. आर.च्या सुखतळ्याच्या चपला, दुसऱ्याला पॉलियुरेथेन फेसाच्या, तिसऱ्याला पायाच्या आकाराबरहुकूम घडविलेल्या सुखतळ्याच्या. चौथा गट कठीण सुखतळ्याच्या चपला वापरीत होता. काही महिन्यांनी पाहता पहिल्या तीन गटांत शंभरात सुमारे चौघांना नवी जखम झाली होती. चौथ्या गटात शंभरात सुमारे तेहतिसांना. तळव्यावरील दाबही पहिल्या तिघांत पुष्कळ कमी भरला. आणि त्या तिघांची आपापसांत तुलना केली तर त्यांत फारसे अंतर नव्हते.

हा शेवटचा मुद्दा आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अर्धशतकापूर्वीचे एम. सी. आर. आणि त्यानंतरचा नवा फेस या कामात जवळपास बरोबरीचे ठरले. धावपटूच्या बुटात ६५ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर जाणे ही क्रांती होती; बधिर पायाला ऊर्जा परत मिळण्याचे काहीच अगत्य नाही. त्याला दाबाची वाटणी हवी, टिकाऊपणा हवा, आणि तळ फार उंच व डळमळीत नको, कारण ज्याला जमीन जाणवत नाही त्याला तोल सांभाळणे आधीच अवघड जाते. धावपटूंचा सर्वांत नवा बूट या रोग्याच्या पायात घालणे म्हणजे त्याचे पडणे ओढवून घेणे होय.

मग जुन्या एम. सी. आर.च्या चपलेत सुधारण्याजोगे काही नव्हतेच काय? होते, आणि ते प्रयोगशाळेतील कोणत्याही यंत्राने मोजता येण्यासारखे नव्हते. त्या चपलेचा ठरावीक काळा रंग व जाड पट्टे पाहताच लोक ओळखीत की हा कुष्ठरोगी आहे. पायाला वाचविणारी वस्तू माणसाला गावात उघडी पाडीत असे. पुष्कळ रोगी ती दवाखान्यात जाताना घालीत आणि एरवी घरी ठेवून देत. घरी ठेवलेली चप्पल कितीही उत्तम असली तरी तिचा दाबवाटपाचा गुण शून्य. म्हणून पुढे आतील सुखतळा तोच ठेवून वरचा घाट, रंग व पट्टे बाजारातील इतर चपलांसारखे करण्यात येऊ लागले. आमच्या मते या जोड्याच्या सबंध इतिहासातील सर्वांत उपयुक्त नवी आवृत्ती हीच, जरी तिच्या तळात काहीही नवे नव्हते.

मापाचा प्रश्न

तळ कितीही मऊ असला तरी जोडा पायाला बसत नसेल तर व्रण बाजूने पडतो. जोडा ज्या साच्यावर घडवितात त्याला आपल्याकडे कलबूत म्हणतात. भारतात आजवर वापरली गेलेली जोड्यांची मापे व त्यानुसार केलेली कलबुते मुख्यतः इंग्लंड, युरोप व अमेरिका येथील पायांवरून ठरलेली होती. चर्म संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय त्रिमिती यंत्राने मोजले. भारतीय पाय सामान्यतः पाश्चात्त्य पायांपेक्षा रुंद असल्याचे त्यात आढळले. म्हणजे आपल्यापैकी अनेकजण रुंदी साधण्यासाठी लांबीने मोठा जोडा घेत होते, आणि तो पुढे-मागे सरकून टाच घासत होता. या पाहणीवरून भारतासाठी जी स्वतंत्र मापपद्धती सुचविण्यात आली तिला ‘भा’ असे नाव योजिले आहे.

शाळेत करून पाहण्याजोगे

मोठी यंत्रे नसतानाही यातील पुष्कळ गोष्टी पाहता येतात. पाय ओला करून कोरड्या फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवावा. उमटलेल्या ठशाभोवती रेघ ओढून तो चौकटीच्या कागदावर उतरवावा व चौकटी मोजून क्षेत्रफळ काढावे. वजनाला या क्षेत्रफळाने भागले की आपला सरासरी दाब मिळतो. नंतर टाच उचलून चवड्याचा ठसा घ्यावा व पुन्हा भागाकार करावा.

दुसरा प्रयोग जोड्यांचा. एकाच प्रकारच्या दोन रबरी चपला घ्याव्यात, एक कोरी व एक वर्षभर वापरलेली. टाच, चवडा आणि मधला खळगा या तीन ठिकाणी तळाची जाडी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. वापरलेल्या चपलेत खळग्याच्या जागी जाडी जवळजवळ मूळचीच आढळेल, टाचेखाली व अंगठ्याच्या मुळाखाली ती घटलेली असेल. आता त्याच जागांवर एक सपाट लाकडी ठोकळा व त्यावर चार-पाच विटा ठेवून तळ किती दबतो ते पाहावे. जेथे जाडी घटली आहे तेथे तो कमी दबेल; फेसाच्या कोठड्या तेथे आधीच मिटलेल्या आहेत.

घरात मधुमेहाचे जुने रोगी असतील तर हीच मोजणी त्यांच्या चपलेची करावी. वरचे पट्टे शाबूत आहेत, रंग गेलेला नाही, एवढ्यावरून ती चांगली आहे असे समजू नये. सुखतळ्यावर अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडलेला असतो तेथे अंगठा दाबून पाहावा. तो दबत नसेल तर सुखतळा बदलण्याची वेळ झाली आहे, आणि चर्मकाराकडून तो बदलून घेताना नव्या तळात एकही खिळा मारला जाणार नाही हे समोर उभे राहून पाहावे.